पत्रकावरचा आकडा आणि आपली बादली

(रौप्यमहोत्सवी सप्ताहात सोसायटीच्या सभागृहात सभासदांपुढे केलेल्या भाषणाचा मजकूर. बोलण्यातले शब्द बहुतेक तसेच ठेवले आहेत.)



परवा मुलांची नाटुकली झाली, काल गाणी झाली, आणि आज माझ्या वाट्याला गरम पाणी आलं आहे. संयोजकांनी मला विषय विचारला तेव्हा मी म्हटलं, सध्या जिन्यात, लिफ्टमध्ये, गच्चीवर दुसरा विषयच नाही. मग त्यावरच बोलतो. तुम्हाला कंटाळा आला तर चहा बाहेर तयार आहे.

गेल्या वार्षिक सभेत काय झालं ते सगळ्यांना माहीत आहे. गच्चीवरचं सोलर जुनं झालं, ते काढून तिथे मोठा हीट पंप बसवावा असा प्रस्ताव आला. खर्च थोडा दुरुस्ती निधीतून आणि बाकीचा प्रत्येक फ्लॅटकडून वर्गणी काढून. सिंकिंग फंडाला यात हात लावायचा नाही हे मी तेव्हाच सांगितलं, कारण उपविधींप्रमाणे तो पैसा पुनर्बांधणीसाठी आणि इमारतीच्या मोठ्या कामांसाठी राखलेला असतो. सभेत दोन तट पडले. एक सोलरचा, एक हीट पंपचा. तिसरा तट होता तो म्हणाला, आम्ही आपले गीझर लावू, आम्हाला कशातच ओढू नका. शेवटी ठरलं की आधी अभ्यास करा. आणि अभ्यासासाठी लागणारे कागद गोळा करायचं काम माझ्याकडे आलं. निवृत्त माणसाला वेळ असतो असा एक गैरसमज आहे.

ज्यांना हीट पंप म्हणजे काय ते माहीत नाही त्यांच्यासाठी दोन शब्द. घरी गेल्यावर फ्रिजच्या मागे किंवा बाजूला हात लावून बघा, गरम लागेल. फ्रिज आतल्या भाजीतली उष्णता उचलतो आणि बाहेर टाकतो. हीट पंप तेच काम करतो, फक्त उष्णता बाहेरच्या हवेतून उचलतो आणि पाण्यात टाकतो. आपला गीझर, किंवा आमच्या लहानपणीचा तांब्याचा बंब, हे उष्णता तयार करतात. हीट पंप ती तयार करत नाही, वाहून आणतो. विजेचा खर्च हा हमालीचा खर्च. एक युनिट हमाली दिली आणि तीन युनिटांचा माल घरात आला, तर त्याला म्हणायचं सीओपी तीन. गीझरमध्ये एक युनिट दिलं की जास्तीत जास्त एक युनिटचीच उष्णता मिळते. एवढं समजलं की पुढचं सगळं समजतं.

आणि हमालाला चढ जितका मोठा तितकी हमाली जास्त, हेही तुम्हाला माहीत आहे. हवा ३२ अंश आणि पाणी ४५ अंशांपर्यंत तापवायचं असेल तर चढ लहान. पहाटेची हवा १२ अंश आणि पाणी ५५ पर्यंत न्यायचं असेल तर तेच यंत्र, तीच कंपनी, पण दमछाक.

आता आपल्या सी विंगमध्ये एक मुलगी आहे, मेकॅनिकल इंजिनिअर. नाव सांगू नका असं तिनंच सांगितलंय. तिने स्वतःहून सांगितलं की मी संगणकावर याचं मॉडेल करून देते. मॉडेल म्हणजे काय, असं मला अनेकांनी विचारलं. ते काही मातीचं किंवा थर्माकोलचं नाही. वर्षाचे ८७६० तास असतात. त्या प्रत्येक तासाला बाहेरची हवा कशी, टाकीतलं पाणी किती गरम, कोणी नळ उघडला, यंत्र चालू की बंद, वीज किती गेली, याचा मांडलेला हिशेब. अमेरिकेच्या ऊर्जा खात्याचा एनर्जीप्लस नावाचा प्रोग्रॅम फुकट मिळतो, त्यात हीट पंपाची सोय आहे. पुण्याची तासातासाची हवामानाची फाईलही तयार मिळते. म्हणजे हवेचा प्रश्न सुटला. मी म्हटलं, मग अडलंय कुठे? ती म्हणाली, “काका, प्रोग्रॅम आहे, हवामान आहे. यंत्राचे कागद नाहीत आणि आपल्या वापराचे कागद नाहीत. म्हणजे दोन्ही बाजूंनी मी अंदाजच टाकणार.”

हे वाक्य ऐकलं आणि मला माझी शाखा आठवली. चांगला छापलेला प्रोजेक्ट रिपोर्ट घेऊन लोक यायचे. पाच वर्षांची विक्री, पाच वर्षांचा नफा, सगळं सुबक. आणि मागचे दोन ताळेबंद मागितले की, ‘साहेब, ते सी.ए.कडे आहेत.’ अंदाज कितीही सुबक असला तरी तो कशावर उभा आहे ते बघावं लागतं.

तर तिने मला यादी दिली आणि मी कामाला लागलो.

पहिली गोष्ट, यंत्राचे कागद. तीन विक्रेत्यांनी आपल्याला कोटेशन दिलं होतं. तिघांच्याही पत्रकात सीओपीचा एकच आकडा, ठळक अक्षरात. मी तिघांना पत्र लिहिलं की हा आकडा हवेच्या कोणत्या तापमानाला, किती दमट हवेत, आत येणारं पाणी किती गार असताना आणि बाहेर जाणारं किती गरम असताना मोजला, ते कळवा. दुसरं, पंख्याची आणि पाणी फिरवणाऱ्या पंपाची वीज या आकड्यात धरली आहे की नाही? ही शंका माझी नाही हं, एनर्जीप्लस हा प्रश्न सरळ हो की नाही असा विचारतं. तिसरं, वेगवेगळ्या हवेला आणि वेगवेगळ्या पाण्याला यंत्र किती उष्णता देतं आणि किती वीज खातं, त्याचा पूर्ण तक्ता द्या.

एकाने फोन करून सांगितलं, “साहेब, एवढं कोणी विचारत नाही.” दुसऱ्याने तेच पत्रक पुन्हा पाठवलं, या वेळी रंगीत. तिसऱ्याने महिनाभराने तक्ता पाठवला. मला तो मनुष्य आवडला, कारण तक्त्यात त्याच्या गैरसोयीचे आकडेही होते. उबदार हवा आणि कोमट पाणी त्या कोपऱ्यात सीओपी चारच्या वर, गार हवा आणि कढत पाणी त्या कोपऱ्यात तीनच्या खाली. पत्रकावर छापला होता तो अर्थातच वरच्या कोपऱ्यातला.

यात फसवणूक आहे असं मी म्हणणार नाही. मोजमाप कुठल्यातरी एका स्थितीतच करावं लागतं. अमेरिकेतल्या प्रमाणित चाचणीत हवा साधारण २० अंश, आत येणारं पाणी १४ अंश आणि तापवलेलं पाणी ५२ अंश धरतात, आणि पूर्ण २४ तास, ठरावीक वेळी पाणी काढून चाचणी घेतात. युरोपची चाचणी वेगळी, त्यात पाणी काढण्याची वेळापत्रकंही वेगळी. दोन्ही आपापल्या जागी बरोबर. पण आपल्या गच्चीवर, जानेवारीत पहाटे साडेपाचला काय होणार ते त्यातलं कोणीच सांगत नाही. शिवाय दमटपणाचा प्रश्न आहे. दमट हवेतली वाफ यंत्राच्या गार नळ्यांवर पाणी होऊन बसते तेव्हा तीही उष्णता देऊन जाते. म्हणून मुंबईत राहणाऱ्या तुमच्या मेव्हण्यांच्या सोसायटीतला आकडा पुण्याच्या कोरड्या हिवाळ्याला तसाच लावू नका.

इथे बँकेतली एक गोष्ट सांगतो. बचत खात्यावर पूर्वी व्याज कसं द्यायचो आठवतंय ना? महिन्याच्या १० तारखेपासून अखेरपर्यंत जी सगळ्यात कमी शिल्लक असेल तिच्यावर. १ एप्रिल २०१० पासून रिझर्व्ह बँकेने रोजच्या शिल्लकेवर व्याज द्यायला लावलं. खातं तेच, दर तोच, पण हिशेब रोजचा केला की रक्कम बदलते. पत्रकावरचा सीओपी म्हणजे वर्षातला एक चांगला दिवस निवडून त्या दिवसाच्या शिल्लकेवर वर्षाचं व्याज लावण्यासारखं आहे. आपल्याला रोजचा हिशेब हवा. आणि त्यात एक गंमत आहे. हीट पंप उत्तम चालतो मे महिन्यात, तेव्हा आपण नळाच्या पाण्यानेच आंघोळ करतो. त्याची दमछाक होते डिसेंबर-जानेवारीत, तेव्हा आपल्याला सगळ्यात जास्त गरम पाणी लागतं. म्हणून साधी सरासरी चालत नाही, वापराच्या वजनाने काढलेली सरासरी लागते.

आता वळतो आपल्या बादलीकडे. हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं.

एक युनिट विजेत ८६० किलोकॅलरी उष्णता असते, म्हणजे ८६० लिटर पाणी एका अंशाने तापतं. आपली बादली २० लिटरची धरू. हिवाळ्यात टाकीतलं पाणी २२ अंश आणि आंघोळीला ४० अंश हवं, तर १८ अंश वाढवायचे. २० गुणिले १८ म्हणजे ३६०. भागिले ८६०. एका बादलीला ०.४२ युनिट. चौघांच्या घरात रोज चार बादल्या धरल्या तर १.७ युनिट, महिन्याला ५० युनिट. सीओपी तीन मिळाला तर १७ युनिट लागतील, ३३ वाचतील. टाकीची आणि पाइपची गळती मी अजून धरलेली नाही. ए विंगमध्ये एकट्या राहणाऱ्या आपल्या आजी आहेत, त्या एक बादली वापरतात. त्यांचे हिवाळ्यातल्या महिन्यात आठ युनिट वाचतील. टक्केवारी दोघांची सारखीच, पण वर्गणीही दोघांना सारखीच मागितली आहे, हे लक्षात घ्या.

आणि पुढे ऐका. आज गीझर ज्याच्या त्याच्या मीटरवर आहे. सामायिक हीट पंप सामायिक मीटरवर येणार आणि त्याचं बिल मेंटेनन्समध्ये सारखं वाटलं जाणार. शॉवरखाली १५ मिनिटं उभं राहणारा आणि एका बादलीत भागवणारा, दोघं सारखे पैसे भरणार. शिवाय आज आपल्या घरात वाचलेलं युनिट आपल्या सगळ्यात वरच्या स्लॅबमधून वाचतं. १०० युनिटांच्या आत असलेल्या घराचं युनिट आणि ३०० च्या वर गेलेल्या घराचं युनिट यांच्या किमतीत मोठा फरक आहे. म्हणून मी प्रत्येक घराकडे १२ महिन्यांची बिलं मागतोय. काही जणांना वाटलं मी चौकशी करतोय. बिलावरचं नाव आणि ग्राहक क्रमांक झाकून झेरॉक्स द्या, मला फक्त महिन्याचे युनिट हवेत.

तिसरी गोष्ट, ‘७५ टक्के बचत’. सीओपी चार धरला की गीझरच्या तुलनेत बरोबर ७५ टक्के येतात, गणित चुकीचं नाही. पण कोणाच्या तुलनेत, हा प्रश्न विचारायला हवा. आपल्या गच्चीवर सोलर आहे. पुण्यात हिवाळ्यात आकाश स्वच्छ असतं, म्हणजे थंडीत सोलर बरंच काम करतं. रडतं ते आषाढ-श्रावणात. सोलर धड चालत असेल तर आज आपण वीज वापरतो ती त्याच्या मदतीच्या कॉइलपुरती. मग हीट पंपाची बचतही तेवढ्यातूनच व्हायची. सोलर धड चालत नसेल, तर ते दुरुस्त करायला किती लागतील तेही शेजारच्या रकान्यात मांडा. बोअर आणि टँकरच्या कठीण पाण्याने आपल्या सोलरच्या नळ्या अर्ध्या बुजल्या आहेत. पिण्याच्या पाण्याच्या मानकात कठीणपणा लिटरला २०० मिलिग्रॅमपर्यंत चांगला आणि दुसरा स्रोत नसेल तर ६०० पर्यंत चालवून घ्यावा असं आहे. आपल्या बोअरच्या पाण्याचा तपासणी अहवाल मी मागवला आहे. कारण ज्या क्षाराने सोलर बुजलं तोच क्षार हीट पंपाच्या नळ्यांवर बसणार. त्यावर विक्रेत्यांच्या कागदात एक ओळ नाही.

टाकीबद्दल थोडक्यात. गीझरवर जे तारे असतात ते पाणी किती पटकन तापतं याचे नसतात. टाकीतून २४ तासांत, ४५ अंशांचा फरक धरून, किती उष्णता गळते त्याचे असतात. मोठ्या टाकीलाही हाच प्रश्न विचारायचा. समजा १००० लिटरची टाकी रात्रभरात पाच अंशांनी गार झाली, तर ५००० किलोकॅलरी म्हणजे जवळजवळ सहा युनिटांची उष्णता हवेत गेली. ही चाचणी आपण स्वतः करू शकतो, रात्री दहाला आणि पहाटे पाचला थर्मामीटर लावून, मध्ये पाणी न काढता. वॉचमनने दोन रात्री ती केली आहे, आकडे नोंदवहीत आहेत.

आणि कॉइल. बहुतेक यंत्रांत मदतीला साधी कॉइल असते, पाणी पुरेसं तापलं नाही की ती आपोआप लागते. ती कोणत्या तापमानाला लागते, किती वेळ चालते, हे कागदावर हवंच. का, ते सांगतो. निम्मी उष्णता हीट पंपाने सीओपी तीनने दिली आणि निम्मी कॉइलने एकाला एक दिली. एकूण सीओपी किती? इथे बसलेल्या बहुतेकांनी मनात दोन म्हटलं असेल. येतो दीड. सहा युनिट उष्णता हवी असेल तर तीनासाठी पंपाला एक युनिट वीज आणि उरलेल्या तीनासाठी कॉइलला तीन युनिट, एकूण चार. सहा भागिले चार, दीड. सकाळी सहा ते आठ सगळी सोसायटी एकदम आंघोळीला जाते. त्या दोन तासांत टाकी अपुरी पडली आणि कॉइल लागत राहिली, तर चारचं पत्रक दीडवर येऊन बसेल, आणि कोणाला कळणारही नाही.

शेवटचा कागद म्हणजे पाइपचा नकाशा. पंचवीस वर्षांत या सोसायटीने काय काय कागद जपले! कन्व्हेयन्स आहे, मंजूर नकाशे आहेत, पहिल्या सभेचं इतिवृत्त आहे, ड्रेनेजचा नकाशासुद्धा आहे. गरम पाण्याच्या लाइनचा नकाशा मात्र नाही. सोलर बसवणाऱ्यांनी तो दिला नाही आणि आता ते दुकानही नाही. शेवटी ज्यांनी ती लाइन टाकली त्या प्लंबरचा मुलगा सापडला. तो लहानपणी वडिलांबरोबर इथे यायचा. दोन रविवार आम्ही डक्टमध्ये टॉर्च घेऊन फिरलो. त्याने वहीच्या पानावर नकाशा काढून दिला, तो आता ऑफिसात लॅमिनेट करून लावला आहे. एक इंची पाइपमध्ये मीटरला साधारण अर्धा लिटर पाणी मावतं. गच्चीपासून खालच्या मजल्यापर्यंत वळणं धरून ३० मीटर झाले, तर गरम पाणी येण्याआधी १५ लिटर गार पाणी सोडावं लागतं, जवळजवळ एक बादली. खालच्या मजल्यावरच्या वहिनी गेली कित्येक वर्षं हेच सांगत होत्या, आपण ती तक्रार समजत होतो. पाणी सतत फिरतं ठेवणारा पंप लावला तर हा त्रास जातो, पण मग दिवसभर पाइप हवा तापवत राहतात. कोणताही हीट पंप आणला तरी या गळतीत काडीचा फरक पडणार नाही.

आता माझं मत विचाराल. मी हीट पंपाच्या विरोधात नाही. यंत्र चांगलं आहे, आणि आपल्या हवेला ते मानवतं. पण कागद पूर्ण झाल्याशिवाय मतदान घेऊ नये असं मी कमिटीला लेखी दिलं आहे. मतदान जिंकणं सोपं आहे, हरलेल्या घराकडून वर्गणी मागायला पुन्हा त्याच जिन्यात जावं लागतं. आणि हीट पंप घ्यायचाच ठरला तर चार गोष्टी करारात हव्यात. विक्रेत्याने दिलेला तक्ता कराराचा भाग व्हावा. यंत्राला स्वतंत्र वीज मीटर आणि गरम पाण्याच्या लाइनवर उष्णता मोजणारा मीटर बसावा. प्रत्येक फ्लॅटला गरम पाण्याचा छोटा मीटर लावता येतो का ते बघावं, म्हणजे आजींचा प्रश्न सुटेल. आणि १० टक्के रक्कम एक पूर्ण हिवाळा संपेपर्यंत आपल्याकडे राखून ठेवावी. तिसऱ्या विक्रेत्याने या शेवटच्या अटीला होकार दिला आहे. पहिले दोघं ‘वर विचारून सांगतो’ म्हणाले.

आता काम सांगतो. वॉचमनच्या केबिनमध्ये निळी नोंदवही आणि दोन थर्मामीटर ठेवले आहेत. प्रत्येक घराने एक आठवडा रोज किती बादल्या किंवा किती मिनिटं शॉवर, आणि किती वाजता, एवढं लिहायचं आहे. त्यात एकदा नळाच्या गार पाण्याचं आणि एकदा आंघोळीच्या पाण्याचं तापमान. पाहुणे आले असतील तर तसं लिहा. खोटं कमी लिहू नका, इथे कोणी बक्षीस देणार नाही. बिलांच्या झेरॉक्स महिनाअखेरपर्यंत माझ्याकडे किंवा ऑफिसात द्या. बिलं सापडत नसतील तर महावितरणच्या ॲपवर मिळतात, तुमच्या नातवंडांना सांगा, ती दोन मिनिटांत काढून देतील. त्यानंतरच्या रविवारी सकाळी दहा वाजता याच सभागृहात सी विंगची ती मुलगी संगणकावर तिन्ही पर्याय मांडून दाखवेल. जवळचा चष्मा घेऊन या, पडद्यावरचे आकडे बारीक असतात.